फोनवर काढलेले रॉ फोटो जेपेगपेक्षा वाईट का दिसतात?

घाटमाथा यांचा प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मी आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाटात जाऊन फोनवर फोटो काढतो. स्वतंत्र कॅमेरा घेण्याची सध्या ऐपत नाही, आणि खरे सांगायचे तर त्या गर्दीत आणि पावसात फोनच सोयीचा वाटतो. फोन मध्यम किमतीचा, अँड्रॉइडवर चालणारा आहे आणि मुख्य कॅमेऱ्याचे फोटो १२ मेगापिक्सेलचे निघतात. मागच्या दोन्ही वर्षांच्या फोटोंत एक खोट मला सतत जाणवत राहिली. ढगांतून ऊन पडले की पताकांचा भगवा रंग सपाट होतो. कापडाच्या चुण्या, शिवण, वाऱ्याने पडलेल्या वळ्या यांपैकी काहीच दिसत नाही, नुसता नारिंगी डाग उरतो. रॉ प्रकारात, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली कच्ची माहिती ठेवून, फोटो काढल्यास हे सगळे वाचते असे एका परिचितांनी सांगितले, म्हणून या वर्षी प्रो मोडमध्ये (सगळी मूल्ये हाताने ठरवण्याच्या प्रकारात) रॉ चालू करून मी सुमारे १८० फोटो काढले. फोनने प्रत्येक फोटोची एक डीएनजी (रॉची फाइल) आणि एक जेपेग (नेहमीचा तयार फोटो) अशा दोन फाइली ठेवल्या.

घरी येऊन दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि हिरमोड झाला. जेपेगमध्ये निदान चेहरे तरी स्वच्छ आहेत. डीएनजी मात्र निस्तेज, किंचित हिरवट दिसते, चारही कोपरे काळवंडलेले आहेत आणि टोपीच्या सावलीतल्या चेहऱ्यांवर रवा भुरभुरावा तसे दाणे दिसतात. डीएनजी मी फोनमधल्याच एका मोफत अॅपमध्ये उघडली होती. माझे फोटो काढताना काही चुकते आहे का, की फोनचा रॉ मुळातच इतका सुमार असतो? आणि पताकांचा रंग परत मिळवायचा असेल तर संपादनाला सुरुवात नेमकी कोठून करावी?

रिळवाला यांचे उत्तर

घाटमाथा, तुमचे फोटो काढताना फारसे काही चुकलेले दिसत नाही; फसगत झाली आहे ती तुलनेत. शिजवलेली भाजी आणि निवडून ठेवलेली भाजी एकाच ताटात वाढून कोणती चवदार असे विचारण्यासारखे ते आहे. जेपेग तुमच्या हातात येण्यापूर्वी फोनच्या प्रोसेसरने तिच्यावर बरेच काम उरकलेले असते, आणि डीएनजीमध्ये त्यातले जवळजवळ काहीच झालेले नसते.

हिरवट झाक कोठून येते ते आधी पाहू. सेन्सरवरचा, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचा, प्रत्येक बिंदू केवळ किती प्रकाश आला एवढेच मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एका रंगाची सूक्ष्म गाळणी बसवलेली असते. ही रचना कोडॅकमधील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. तिच्यात निम्मे बिंदू हिरवे आणि लाल व निळे प्रत्येकी पाव असतात, कारण माणसाचा डोळा बारीक तपशील मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशातून टिपतो. सेन्सर हिरव्याला अधिक संवेदनशीलही असतो, त्यामुळे लाल आणि निळ्या आकड्यांना योग्य पटीने गुणले नाही तर पांढरे कापडसुद्धा हिरवट दिसते. हा गुणाकार म्हणजेच व्हाइट बॅलन्स. रॉमध्ये त्याचे आकडे फाइलीबरोबर केवळ टिपून ठेवलेले असतात, मूळ माहितीला ते लावलेले नसतात. तुमच्या अॅपने ते नीट वाचले नसावेत.

निस्तेजपणाचे कारण आणखी सोपे आहे. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. डोळ्याला सुखावणारा उठाव त्यावर एक वक्र चढवून आणावा लागतो. जेपेगमध्ये तो फोनने चढवलेला असतो आणि रॉमध्ये तुम्ही चढवायचा असतो.

दाण्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण फोनच्या रॉची खरी मर्यादा तिथेच आहे. १.४ मायक्रॉनचे बिंदू असलेला १२ मेगापिक्सेलचा सेन्सर जेमतेम ५.६ बाय ४.२ मिलिमीटरचा, म्हणजे २४ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरची असते. एवढ्याशा जागेवर पडणारा प्रकाशच मुळात थोडा असतो आणि थोड्या प्रकाशात त्याची स्वाभाविक चढउतार दाण्यांच्या रूपाने दिसते. फोन यावर युक्ती करतो. बटण दाबले की तो एक नव्हे तर अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी काढली की दाणे साधारण एक तृतीयांश उरतात. साध्या डीएनजीत मात्र एकाच फोटोची माहिती असते, त्यामुळे तुम्हाला दिसले ते दाणे फोनच्या सेन्सरचे खरे रूप आहे.

काही महागड्या फोनांनी यावर मधला मार्ग काढला आहे. गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ पासून अनेक फोटो आधी एकत्र करून मग त्यांची डीएनजी देण्यास सुरुवात केली, आणि अॅपलचा प्रोरॉ डिसेंबर २०२० मध्ये आयफोन १२ प्रोवर आला, तोही याच जातीचा. अशा फायली स्वच्छ असतात, पण फोनने त्यांच्यावर काही निर्णय आधीच घेतलेले असतात, म्हणून अस्सल कच्चा माल हवा असणाऱ्या मंडळींना त्या फारशा रुचत नाहीत.

मी आयुष्याची बरीच वर्षे डार्करूममध्ये घालवली आहेत, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. रॉ म्हणजे डिजिटल निगेटिव्ह असे सगळेच म्हणतात आणि जपून ठेवण्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. एक्स्पोजरच्या, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा याच्या, बाबतीत मात्र ही उपमा घात करते. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी सोसते आणि कमी पडलेला प्रकाश सोसत नाही. सेन्सरचे याच्या उलट, म्हणजे जुन्या स्लाइड फिल्मसारखे आहे. उजळ भाग एकदा भरून सांडला की तिथे काही उरतच नाही, आणि अंधाऱ्या भागातून दाण्यांसकट का होईना काहीतरी ओढून काढता येते. त्यामुळे पताकांसाठी एक्स्पोजर थोडे कमी ठेवायला हवे. ते किती कमी हा खरा प्रश्न आहे, कारण दहा बिटच्या फाइलीत उजेडाच्या १०२४ पायऱ्या असल्या तरी त्यांतल्या ५१२ सर्वांत उजळ स्टॉपमध्येच (स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होण्याचा एक टप्पा) खर्ची पडतात, त्याखालच्या स्टॉपला २५६, मग १२८, ६४, आणि पाचव्या स्टॉपला पोहोचेपर्यंत ३२ उरतात. टोपीखालचे चेहरे त्या शेवटच्या ३२ पायऱ्यांत उभे असतील तर त्यांना उजळताना दाणे येणारच.

सावलीचित्र यांचे उत्तर

रिळवाला यांनी पाया पक्का घातला आहे, म्हणून मी थेट तुमच्या पताकांकडे वळते, कारण रॉचा सर्वांत मोठा फायदा नेमका तिथे होतो आणि त्याचे कारण फारसे कोणी सांगत नाही.

उन्हातल्या व्हाइट बॅलन्ससाठी फोन लाल रंगाच्या आकड्यांना बहुधा दीड ते दोन पटींनी गुणतो. भगव्या कापडाचा लाल आकडा आधीच मोठा असतो. हा गुणाकार झाला, त्यावर उठावाचा वक्र चढला आणि रंग भडक करण्याची फोनची हौसही फिटली की लाल वाहिनी (फोटोतले फक्त लाल आकडे) वरच्या टोकाला, म्हणजे जेपेगमधल्या कमाल २५५ या आकड्याला जाऊन आदळते. चुणीच्या उजळ बाजूचा आणि सावलीच्या बाजूचा लाल आकडा एकच झाला की डोळ्याला चुणी दिसणार कशी? सेन्सरवर मात्र, गुणाकार होण्याआधी, ती वाहिनी पुष्कळदा सांडलेली नसते. म्हणजे जेपेगमध्ये मेलेला भगवा डीएनजीमध्ये बहुतेक वेळा जिवंत असतो. गुलालाची उधळण, झेंडूच्या माळा, लाल पैठणी या सगळ्यांना हेच लागू पडते.

तुमची डीएनजी लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत किंवा स्नॅपसीडमध्ये उघडून पाहा. स्नॅपसीडमध्ये डीएनजी उघडली की डेव्हलप नावाचे पान आपोआप समोर येते. संगणक असेल तर रॉथेरपी आणि डार्कटेबल हे दोन्ही प्रोग्राम मोफत आणि उत्तम आहेत, पण ते शिकायला चिकाटी लागते. सुरुवात रंगापासून करू नका. आधी व्हाइट बॅलन्स ठीक करा, मग एकूण एक्स्पोजर, आणि त्यानंतर हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढून पताकांकडे लक्ष ठेवा. चुण्या दिसू लागल्या की थांबा. पुढे ओढत राहिल्यास आभाळ राखेसारखे मळकट होते, आणि तो करडेपणा पाहताक्षणी फोटोवर काम झाल्याचे कळते. शॅडोज (अंधारे भाग) उघडताना हात आणखी आखडता ठेवा. चेहरा ओळखू येईल इतपत उजळ पुरे आहे. घाटातल्या ढगाळ दुपारी टोपीखाली सावली असायचीच आणि ती फोटोत दिसली तर काही बिघडत नाही.

दाणे कमी करण्याचे काम धार वाढवण्यापूर्वी करावे, कारण आधी धार वाढवली तर दाण्यांनाच धार येते. रंगीत ठिपक्यांचे दाणे पूर्ण घालवले तरी चालतात, पण उजेड-अंधाराचे बारीक दाणे थोडे राहू द्या. ते सगळे पुसले की कातडी मेणासारखी दिसते आणि म्हाताऱ्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच नाहीशा होतात. सुरकुत्या घालवून वारकऱ्याचा फोटो काढायचा असेल तर मग दिवे घाटापर्यंत पायपीट कशाला करायची, असे मला वाटते.

कोपऱ्यांच्या काळोखाबद्दल: फोनच्या चपट्या भिंगातून कडेला मध्यापेक्षा बराच कमी प्रकाश पोहोचतो आणि तो भरून काढण्यासाठीचा नकाशा बहुतेक फोन डीएनजीमध्येच घालून ठेवतात. तुमचे अॅप तो नकाशा वाचत नसणार. तीच फाइल दुसऱ्या अॅपमध्ये उघडून कोपरे सुधारले तर दोष पहिल्या अॅपचा आहे हे सिद्ध होईल.

पुढच्या वर्षासाठी एवढेच सांगते की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) फोन देईल तितका खाली ठेवा, चालत्या माणसांसाठी शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) सेकंदाच्या १/२५० पेक्षा वेगवान आणि रिंगणातल्या घोड्यांसाठी १/१००० च्या आसपास न्या. फोनच्या मुख्य भिंगाचे छिद्र सहसा कायमचे ठरलेले असते, त्यामुळे तुमच्या हातात शटर आणि आयएसओ हीच दोन साधने आहेत. पडद्यावर दिसणारा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपेगच्या आकड्यांवरून काढलेला असतो हेही ध्यानात असू द्या. तो उजव्या भिंतीला किंचित टेकला म्हणजे रॉ गेला असे नाही.

दोनदा_विचार यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पण थोडा विरोधी सूर लावतो, कारण मी दीड वर्ष सगळे फोटो रॉमध्ये काढून अखेरीस तो नाद आवरता घेतला आहे.

आधी जागेचा हिशेब मांडू. १२ मेगापिक्सेलची न दाबलेली डीएनजी प्रत्येक बिंदूला दोन बाइट या हिशेबाने २४ एमबीच्या घरात जाते, म्हणजे तुमचे १८० फोटो सव्वाचार जीबीच्या पुढे गेले. ५० मेगापिक्सेलचा रॉ देणारा फोन असेल तर एकेक फाइल शंभर एमबीची. गुगल खात्यावर मोफत मिळणारी जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये चढवलेली प्रत्येक नवी फाइल त्यातच मोजली जाते. तीन वाऱ्या झाल्या की ही जागा भरली. पण जागा विकत तरी मिळते, वेळ मिळत नाही. एका डीएनजीवर मन लावून काम करायला मला दहा ते पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे १८० फोटोंना किमान तीस तास. ते तुम्ही करणार नाही, मीही केले नाहीत. माझ्या फोनमध्ये दीड वर्ष शेकडो डीएनजी तशाच पडून होत्या.

दुसरा मुद्दा प्रो मोडचा. पुष्कळ फोनांत प्रो मोडमध्ये गेल्यावर अनेक फोटोंची सरासरी काढण्याची ती युक्ती जेपेगसाठीही बंद होते किंवा कमी होते, त्यामुळे तुमच्या या वर्षीच्या जेपेगी मागच्या वर्षीच्या साध्या मोडमधल्या जेपेगींपेक्षाही उण्या असू शकतील. एकदा तुलना करून पाहा. शिवाय हाताने लावलेली मूल्ये विसरली जातात. भाच्याच्या मुंजीत मी सकाळी अंगणात ठरवलेले शटर आणि आयएसओ तसेच ठेवून आत माजघरात गेलो आणि मातृभोजनाचे सगळे फोटो काळेकुट्ट आले. रॉ होता, म्हणून ओढून उजळले. जे निघाले ते बहिणीला दाखवण्यासारखे नव्हते.

तेव्हा माझा सल्ला असा की रॉ हा मोड समजू नये, प्रसंग समजावा. संध्याकाळचे रंगीत आभाळ, उन्हातला भगवा, दिव्याची आरास, जिथे प्रकाश उलटसुलट आहे आणि तुम्हाला क्षणभर थांबायला सवड आहे, तिथे रॉ चालू करावा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी समोरून जात असताना मेनूत शिरू नये.

रिळवाला यांचे उत्तर

दोनदा_विचार यांच्या म्हणण्यातला वेळेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फिल्मच्या काळातही छत्तीस फोटोंच्या रिळातून आम्ही चार-पाचच मोठे करून छापत असू, उरलेल्यांचे नुसते काँटॅक्ट शीट (सगळे फोटो लहान आकारात एकाच कागदावर) निघे. १८० डीएनजीवर काम करायचेच नसते. जेपेग पाहून दहा निवडाव्यात आणि केवळ त्यांच्या डीएनजी उघडाव्यात. एक दुरुस्ती मात्र करतो. अनेक फोटोंची सरासरी काढण्याचा तोटाही असतो. पळणारा घोडा, फडफडणारी पताका, टाळ वाजवणारे हात अशा हलत्या गोष्टी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात. फोन त्यांना जुळवायचा प्रयत्न करतो, आणि जमले नाही तर कडा दुहेरी येतात किंवा तपशील लिबलिबीत होतो. एकाच फोटोच्या रॉमध्ये तो प्रकार होत नाही. त्यामुळे सेकंदाच्या १/१००० ला काढलेल्या रिंगणाच्या फोटोसाठी, दाणे पत्करून, मी रॉच निवडेन.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जेपेग पाहून अकरा फोटो निवडले आणि त्यांच्या डीएनजी लाइटरूममध्ये उघडल्या. कोपरे आणि हिरवी झाक उघडताक्षणी नाहीशी झाली, म्हणजे दोष त्या पहिल्या अॅपचाच होता. अकरापैकी आठ फोटोंत पताकांच्या चुण्या परत आल्या. एका फोटोत तर पताकेच्या काठाची दुहेरी शिवण दिसते आहे, जी जेपेगमध्ये अजिबात नव्हती. उरलेल्या तिन्हींत ऊन थेट कापडातून आरपार येत होते आणि तिथे रॉमध्येही काही शिल्लक नव्हते. दोन फोटो खाली मस्तानी तलावाकडे पाठ करून, आभाळासमोर उभ्या असलेल्या माणसांचे होते. त्यांतले चेहरे उजळल्यावर इतके दाणेदार झाले की शेवटी जेपेगच ठेवल्या.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. व्हाइट बॅलन्ससाठी ड्रॉपर (टेकवलेली जागा रंगहीन धरून बाकीचे रंग ठरवणारे साधन) घेऊन पांढऱ्या धोतरावर टेकवला की सगळा फोटो पिवळसर होतो. पांढरे धोतर पांढरे असते, मग असे का होते?

सावलीचित्र यांचे उत्तर

कारण ते धोतर नुसते पांढरे नसते, त्याला नीळ दिलेली असते. पिवळट पडलेले कापड डोळ्याला शुभ्र वाटावे म्हणूनच नीळ देतात, आणि धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी रसायनेही उन्हात कापडाला निळसर उजेड देतात. ड्रॉपरला ही निळाई खरी वाटते आणि ती मारण्यासाठी तो सगळ्या फोटोत पिवळा ओततो. नवे कोरे उपरणे असेल तर परिणाम आणखी जास्त. त्याऐवजी घाटाच्या रस्त्यावरचे डांबर वापरून पाहा. कोरडे, जुने, पाण्याने न चमकणारे डांबर बऱ्यापैकी करडे असते. ओल्या डांबरात आभाळाचे प्रतिबिंब येते, तिथे टेकवू नका. एका फोटोत आकडे जमले की तेच मूल्य त्याच प्रकाशातल्या बाकीच्या फोटोंवर चिकटवता येते, प्रत्येक फोटोला वेगळे डांबर शोधावे लागत नाही.

आणि त्या आठ डीएनजी व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवायच्या असतील तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.